अळणी

नाशिकला गोदेच्या पाण्यात उभी राहून
आईनं स्वतःचे पिंड स्वतःच्या हातानं दिले,
म्हणजे शास्त्राप्रमाणे मी पोरकी झाले
सोळा मार्चला, सकाळी साडेनऊला.
रॉचडेलमध्ये तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.
मी झोपेत. सुतक कुणी सांगितलंच नाही.

एकतीस वर्षं हॉस्पिटलात रात्रपाळी केलेली बाई
परत आली ती डोकं तासून, भगव्या दोन वस्त्रांत,
वर चॅरिटीच्या दुकानातला पुरुषी मापाचा रेनकोट.
नाव निर्ममा. माझं असं काही नसलेली.
बंद पडलेल्या लाँड्रीच्या माडीवर त्या तिघी राहतात:
एक मॉरिशसची, एक ग्लासगोची,
आणि एक, जी पूर्वी माझी आई होती.

मी कौन्सिलात घरपट्टी बघते.
त्यांचा अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला.
उत्पन्न: नाही. मालमत्ता: नाही.
उदरनिर्वाह: जो देईल त्याच्यावर.
अशा माणसांसाठी कायद्यात सोय आहे,
मोजताना यांना धरू नये.
नात्यातलं कुणी असेल तर फाइल दुसऱ्याकडे द्यायची असते.
मी शिक्का मारला.
खोटं कुठे होतं त्यात?

मधुकरीला पाच घरं. पूर्वाश्रमीचं दार वर्ज्य.
दर मंगळवारी ती आमच्या गल्लीत येते,
माझी पायरी नजर न उचलता ओलांडते
आणि शेजारी, बावीस नंबरला,
एन्टविसलबाईंचं दार वाजवते.
त्या विचारतात, लोणी लावू की नको?
ती म्हणते, जसं असेल तसं.
दोन टोस्ट. कधी उकडलेला बटाटा.
तळहात हेच ताट. फाटकाशी उभ्यानं खाते,
पाऊस असला तर पावसासकट.
मंगळवारी मी रजा कशासाठी टाकते
हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही.

जानेवारीत मी भाकरी थापली.
बोल्टनहून आणलेलं ज्वारीचं पीठ, जुनं, विरी गेलेलं.
कडा फाटल्या. एक तव्यावरच मोडली.
त्यातल्या त्यात बरी निवडली, वर मेथीची भाजी,
आणि फडक्यात बांधून बावीस नंबरला नेली.
म्हटलं, तुमचीच म्हणून द्या.
बाईंनी फडकं उघडून वास घेतला.
‘या वयात खोटं बोलायला लावतेस,’ म्हणाल्या,
आणि दार पायानं ढकलून आत गेल्या.

संध्याकाळी मागच्या भिंतीवरून हाक आली.
‘संपवली हं तिनं. एरवीपेक्षा सावकाश.
पहिल्या घासाला मात्र थांबली,
काहीतरी बोलली, माझ्याशी नाही, स्वतःशीच.
अलनी, की अलानी.
कुणा मुलीचं नाव आहे का गं ते?’

जिभेला जिंकायचं व्रत आहे तिचं.
कडू काय, गोड काय.
तीन वर्षं मोडलं नव्हतं.

भिंतीवरचं शेवाळ ओलं होतं, हाताला लागलं.
हो, म्हटलं.
माझंच.