लाइन क्लिअर

इन्स्टिट्यूटच्या मागच्या खोलीत
कूलरमध्ये दोन बादल्या ओतून झाल्या की
मिसेस फर्टाडो दोन कॅट एकत्र पिसतात.
एकशे आठ पानं. बोटांत संधिवात.
पान निसटून खाली पडतं, आम्ही कुणी वाकत नाही,
वाकलो तर त्या रागावतात.

खेळाचं नाव मला पंधरा दिवस म्हणता येईना.
कॅनेस्टा.
सुभान तडवी म्हणाला, कनस्तर म्हण ना भो,
तेलाचं कनस्तर. एकसारखी सात पानं भरली
की लावायचं झाकण.

रमी मला येत होती. रात्रपाळीत कुणाला येत नाही?
पण रमीत माणूस एकटा,
पानं छातीशी धरून शेजाऱ्याचं वाईट चिंतणारा.
इथे समोर पार्टनर असते.
माझ्या समोर यमुनाबाई भंगाळे,
रेल्वे दवाखान्यातल्या मेट्रन, मूळच्या न्हावीच्या.
माझ्या थोरलीच्या कपाळावरचे तीन टाके त्यांनीच घातलेले.
त्यांना आठवत नाही. मीही काढलं नाही.

पहिल्याच डावात मी भुवई उचलली.
मिसेस फर्टाडोंनी आपली पानं पालथी ठेवली.
"नो सिग्नल, मिस्टर वारके."
सुभानला हसून हसून ठसका लागला.
एकतीस वर्षं केबिनमध्ये
याच हातांनी मी सिग्नल पाडले,
दिवसा झेंडी, रात्री बत्ती,
आणि आता तो हात
मांडीवर ठेवून बसायचं, शाळेतल्यासारखं.

लाल तिर्री आली की लगेच मांडायची, बदली पान घ्यायचं.
काळी तिर्री टाकली की पुढच्याला ढीग बंद, त्या फेरीपुरता.
जोकर आणि दुर्री कुणाच्याही घरात घुसतात.
सातही निखळ असली तर गठ्ठ्यावर लाल पान,
भेसळ असली तर काळं.
इथे मी हमखास अडतो.
वर लाल दिसलं की
हात जागच्या जागी थांबतो.

मे महिन्यात सुभाननं ढिगावर दुर्री आडवी टाकली.
"गोठला," मिसेस फर्टाडो म्हणाल्या.
बाहेर सेहेचाळीस.
सावद्याकडून आलेल्या केळीच्या ट्रकवर ओली पोती.
अख्ख्या भुसावळात त्या दिवशी
तेवढा एक ढीग गोठला.

यमुनाबाई बोलत नाहीत.
मी चुकलो की चष्मा काढून पुसतात.
रात्री ताटावर मी तेच आठवत बसतो,
बायको म्हणते, भरीत गार झालं.

अख्ख्या खेळात पार्टनरला
एकच गोष्ट विचारता येते:
मी जाऊ का?
हो आलं तर जायचंच. नाही आलं तर नाहीच.
हे मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही.
पुढच्या स्टेशनला घंटा देऊन मी जन्मभर हेच विचारलं,
आणि पलीकडचा,
ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही असा कुणीतरी,
हो म्हणेपर्यंत
झोपलेल्या माणसांसकट गाडी उभी ठेवली.

काल पान ओढलं, हातात तीन.
दोन जोडायची, एक टाकायचं, संपलं.
कनस्तर आधीच भरलेलं.
सुभान छताकडे बघत होता.
मी विचारलं.

यमुनाबाईंनी हातातली पानं पसरली,
मोजली, पुन्हा मोजली.
वर पाहिलं नाही.
"नका जाऊ. माह्या हातात लय राह्यलं अजून."

मी चौकटचा राजा टाकला
आणि उरलेली दोन पानं
धरून बसलो.
आउटरला कुठलीशी मालगाडी शिट्टी देत होती,
थांबून पुन्हा देत होती.

तो ढीग सुभाननं नेला. आम्ही दोनशे तीसनं हरलो.
चहा आला, बशीत सांडलेला.
यमुनाबाईंनी चष्मा पुसला नाही.
पायरीवर चपला घालताना म्हणाल्या,
"उद्या पाचले?"
तोवर माझा हात
आपोआप वर गेला होता.