एच-सात बाद

काळ्या प्लेटला शहाण्णव विहिरी.
पहिल्या रांगेत नुसतं बफर,
दुसरीत उकळून थंड केलेला चिखल,
उरलेल्यांत जिवंत,
चोडणच्या खाजनातला, काल ओहोटीला
कायतानने कोपरापर्यंत हात घालून काढून दिलेला.

मानशीचं दार मोडलं त्याला तीन वर्षं झाली.
तेव्हापासून खारं पाणी शेतात ये-जा करतं
न विचारता, घरच्यासारखं.
डबा देताना तो एवढंच म्हणाला,
"बाये, माती जिती आसा गो?"

विचारायला काय जातं.

साखरेच्या रेणूला
मी एक दिवा बांधून आणलाय, न पेटलेला.
बांधलेला आहे तोवर आंधळाच.
चिखलातलं कुणीतरी येईल,
हात नाही, तोंड नाही, नुसता एक आकार;
गाठ तोडेल, साखर नेईल,
दिवा मागे टाकून जाईल.
सुटला की तो पेटतो.
आम्ही फक्त हे टाकून दिलेले दिवे मोजतो.

ताळगावचं पठार. रात्रीचे साडेअकरा.
दर पाच मिनिटांनी यंत्र प्लेट आत ओढतं,
अतिनील दाखवतं, निळं मोजतं, परत ढकलतं.
चिखल स्वतःही थोडा उजेड गिळतो.
त्या गिळण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

दहाव्या फेरीला एच-सात भलतीच उजळली.
छातीत धडधडलं. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं.
मग दिव्याखाली हातमोजा धरला:
अंगठ्यावर पिवळट-हिरवा डाग.
दुपारच्या बांगड्याच्या हुमणातली हळद.
वहीत लिहिलं, एच-सात बाद. कारण, जेवण.

चारला रेषा आल्या.
उकळलेल्या चिखलाची आडवी, मिठागरासारखी सपाट.
दुसरी जराशी चढती.
रायबंदरच्या चढावर
पावाची सायकल ढकलणाऱ्या पोदेराइतकी.
थांबत नाही, इतकंच.

म्हणजे आकडा आहे. एककासकट.
दर ग्रॅमला, दर तासाला, इतके नॅनोमोल.
कायतानला "जिती आसा" म्हटलं
तर तो उद्या कोरगुटचं बी काढेल.
आणि त्या खाऱ्यात जे कोण जगतंय
ते भाताचं कुणी लागतं की नाही,
हे माझ्या प्लेटला विचारलेलंच नव्हतं.

सकाळच्या फेरीबोटीत
मी वाक्य जुळवत उभी राहिले.
पलीकडे धक्क्यावर तो होताच.
काही विचारलं नाही त्यानं.
दुसरा डबा पुढे केला, झाकणाला चिखल लागलेला,
म्हणाला, "ही दुसऱ्या कुणग्याची."