चराई समितीची वही

या वहीत फक्त मेंढरं लिहायची असा नियम आहे.
कुणाची किती, टेकडीवर किती,
खालच्या कुरणात किती, कड्यावरून किती गेली.
माणसं लिहायची नाहीत.
तरी शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
मी माणसं लिहीत आले.

मी वही हाती घेतली तेव्हा एकसष्ट.
शाळा बंद झाली त्या वर्षी अडतीस.
गेल्या हिवाळ्यात एकोणीस,
माझे गुडघे धरून.

सभा भरली ती त्याच शाळेत.
भिंतीवर पाढे तसेच, हीटर दोन, चालू एक.
बसायला मुलांचीच बाकं.
टोरकिल गुडघे कानाशी घेऊन बसला अन् म्हणाला,
बोट आठवड्यातून तीनदा येते,
पण उतरतं कोण? पाव आणि गॅसच्या टाक्या.

मग ठराव. ठरावात आम्ही पटाईत.
शेवटी बेहाग उठली, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या,
म्हणाली, ठराव घाला चुलीत,
छपरावर कोण चढतंय ते सांगा.

चढले. साठीच्या आतले चारच, तेही वाऱ्याला विचारून.
बाकीच्यांनी खालून सल्ले दिले.
मे महिन्यात आम्ही दलदलीतून पीट कापलं,
उन्हात उभं करून वाळवलं,
आणि त्या घराच्या भिंतीला रचलं
ज्यात अजून कुणी राहत नव्हतं.
असं सरपण रचताना माणूस जरा वेडा दिसतो.
दिसू दे.

घर झालं. जमीन कुठली?
पाच क्रॉफ्ट पडीक, मालक समुद्रापलीकडे,
पत्रांना उत्तर येतं नाताळच्या कार्डातून.
सहावा ऊशजनचा. तो त्यानं पोरासाठी राखला होता,
एकतीस वर्षं, आणि पोराचं आता
कॅनडात स्वतःचं टायरचं दुकान.
ऊशजन सभेला येत नसे.
त्याच्यापुढं विषय काढायचा नसे.

मारसली इथलीच, बोटवाल्याची धाकटी.
ग्लासगोत चौथ्या मजल्यावर नवरा, दोन मुलं,
आणि खिडकीत एका डब्यात इथली माती.
मातीचं तिनं सांगितलं नाही. मी पाहिलं.
ऑगस्टात ती आली आणि सरळ त्याच्या दारात गेली.
आम्ही सगळे आपापल्या पडद्यांमागं.

किल्ली मागितली म्हणे.
तो म्हणाला, कुलूप होतं कधी?
मग तिला मागं नेलं, पावसात, तासभर.
हे उंच वाफे आईनं केले,
किनाऱ्यावरून शेवाळ पाठीवर आणून.
बटाटा याच दिशेनं लाव, वारा उलटा फिरतो.
आणि त्या कोपऱ्यातलं गवत जुलैत कापू नकोस.
एक पाखरू येतं तिथं, रात्रभर करकर करतं,
झोपू देत नाही मेलं.
तेवढं राहू दे.

कागदावर सही केली त्यानं मागच्या गुरुवारी,
साक्षीदार मी. पेन माझंच.
हात थरथरला, पण नाव पूर्ण लिहिलं,
बापाचं, आजाचं, पणजाचंही,
रेघ संपेपर्यंत.

आता फेब्रुवारी. बोट नऊ दिवस आलेली नाही.
मारसलीचा नवरा वेल्डर आहे,
फाटकं जोडतो, ट्रॅक्टर जोडतो,
अन् संध्याकाळी धक्क्यावर उभा राहतो एकटाच
मुख्य भूमीकडे तोंड करून.
टिकेल का, मला ठाऊक नाही.
पोरगी शाळेच्या भिंतीवर नवाचा पाढा वाचते मोठ्यानं,
पोरगा मेंढरांना नावं ठेवतो,
जी समितीच्या नियमात बसत नाहीत.

मी वही काढली.
ऊशजनची अकरा मेंढरं मारसलीच्या नावावर, शाईनं.
मग मागचं पान.
तेवीस लिहिलं, पेन्सिलीनंच,
आणि खोडरबर
उचलून टपाल कचेरीच्या खणात ठेवलं,
जिथं हात लवकर जात नाही.