पितळ फुंकून घेताना

मागच्या वर्षी दुधानं पोळले आहे मी:
स्टावांगरच्या लिलावातला चकचकीत ट्रॉम्बोन,
आठवड्यात झडप अडकली, महिन्यात सांधा सुटला.
म्हणून आता ताकाचं राहू दे,
पितळ फुंकून घेते.

माउथपीस माझा, फेरीबोटीत
सबंध खाडीभर मुठीत धरून ऊब दिलेला.
ओडवार त्वाइटनेस यांनी दार उघडलं.
नाकात प्राणवायूची नळी,
तिची शेपटी मागे स्वयंपाकघरापर्यंत.
म्हणाले, "टेबलावर आहे. कॉफी नंतर."

दातांच्या टोप्या बनवते मी.
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा माझ्या बोटाला कळतो;
नाही कळला, तर कुणाच्या तरी जबड्याला कळतो.
स्लाइड टेबलावर आडवी ठेवली, चारी टोकं टेकली.
उभी धरून बाहेरची नळी सोडली:
उतरली, पाण्यात गळ उतरतो तशी,
खाली माझा तळवा.

पकडीपाशी लाख उडालेली, चाळीस वर्षांच्या घामानं.
भिंग लावलं. जस्त सुटायला लागलं की
पितळ लाजल्यासारखं गुलाबी होतं आणि कुजतं.
दोन ठिपके. लिहून घेतले.
कर्ण्याच्या कडेला टिचकी, मडक्याला मारतात तशी.
बद्द नव्हता.
झडप न दाबता तिची नळी उपसली,
बूच उडाल्याचा आवाज आला. हवा धरते.

अंगठ्याची झडप मऊ, बोलकी.
तिच्या खटक्यावर चामड्याचा तुकडा, त्यांच्या संधिवातासाठी;
माझा अंगठा त्याच्या अलीकडेच संपतो.
मधल्या बोटाची दुसरी झडप कडक,
मागच्या बाकावरच्या मुलासारखी.
"तिला कुणी काही विचारलंच नाही," ते म्हणाले,
"आमच्या बँडच्या वह्यांत इतकं खाली
वर्षातून एकदा."

मग ओठांना लावला.
मधले सूर ताज्या पावासारखे,
कापले तर वाफ निघावी.
एकेक पायरी उतरत गेले,
आणि तळच्या सी-वर
खडखड.
बारीक, जेवताना दाताखाली खडा यावा तशी.

स्क्रू पिळले. स्प्रिंग काढून पुन्हा बसवली.
फुंकता फुंकता जोड दाबता येत नाही, म्हणून म्हटलं,
तुम्ही धरा.
त्यांनी दोन बोटं आडव्या पट्टीवर ठेवली,
नाडी बघतात तशी.
सी. खडखड.
त्यांनी बोटं लवकर उचलली नाहीत.
खिडकीकडे बघत म्हणाले,
"धक्क्यावर जाऊन वाजवा. मला येता येणार नाही,
नळी उंबऱ्यापर्यंतच पुरते."

धक्क्यावर सी स्वच्छ होता.
एक समुद्रपक्षी उडाला, एवढंच.

परत आले तेव्हा ते काचेच्या कपाटासमोर उभे.
निळ्या ताटल्या, दर दोन ताटल्यांमध्ये वर्तमानपत्राची घडी.
तिसऱ्या फळीवरची घडी निसटून पडलेली.
"सरावाच्या दिवशी गुडवाइग घालायची घड्या.
चार वर्षं झाली."
मी ती घडी उचलायला वाकले.
"राहू दे," ते म्हणाले.

त्यांनी अठरा हजार क्रोन सांगितले होते.
ठिपके आणि दुसरी झडप धरून मी सोळा म्हटले.
साडेसोळाला तुटलं.
कॉफी गार झाली होती, तरी प्यायलो.
"पाच-चाळीसची फेरी ना? आहे वेळ.
तळचा सी. एकदा."

मी फुंकला.
ताटल्या लगेच बोलायला लागल्या.
डोळे न मिटता ते ऐकत होते;
सूर तुटेपर्यंत धरला,
श्वास घेतला, पुन्हा धरला.

पाच-चाळीसची गेली.
सहा-पंचावन्नला पेटी शेजारच्या खुर्चीवर बसवून
दुसरी झडप दाबत राहिले, नुसतीच, तेल न घालता.
सत्तर-ऐंशी वेळा झाल्यावर
ती जराशी हलकी वाटली.
किंवा माझं बोट बधिर झालं असेल.