निळा चित्रक

सोहारच्या नर्सरीत शफीकुलने रोप हातात ठेवलं
आणि म्हणाला, हे मरत नाही.
मी म्हटलं, इथे सगळेच असं म्हणतात,
लिहून कुणी देत नाही.
तो हसला. अर्धा रियाल कमी केला.

कुंडीच्या चिठ्ठीवर होतं: बहुवर्षायू.
माझ्या रहिवासी कार्डावर: दोन वर्षं.

पश्चिमेची भिंत म्हणजे दिवसभर तापलेला तवा,
तिथे बोगनवेलीनेही मान टाकली होती.
खड्डा खणला. वाळू, वाळू, मग एक शिंपला,
त्याच्याखाली पुन्हा वाळू.
शेणखताचं पोतं रिकामं केलं
आणि वरून एसीच्या नळीखालची बादली,
रात्रभर थेंबाथेंबाने साठलेली.

पहिल्या वर्षी नुसती पानं.
दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, वह्या तपासताना
खिडकीत काहीतरी फिकट हललं.
इथलं आकाश धुऊन विटलेल्या बनियनसारखं,
त्याच्याकडून हा रंग उसना घेणं शक्यच नव्हतं.
दौतीत पाणी जास्त झालं की शाई होते
तसं काहीसं निळं.

शेजारच्या झुवैनाने एक फूल तोडून
कानाच्या पाळीला टेकवलं. ते चिकटून बसलं.
म्हणाली, हलक.
अरबीत कानातल्याला हलक म्हणतात.
आणि वजन खरंच नव्हतं त्याला.
तेव्हापासून माझ्या ओढणीला, मोज्यांना,
एकदा तर मुख्याध्यापिकेच्या फाईललाही
त्या चिकट कळ्या.

मरमूलच्या तेलक्षेत्रावरून विद्याधरचा फोन:
छाट. गुडघ्यापर्यंत छाट.
नाहीतर नुसतं लाकूड उरेल.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
त्याच्या खिडकीबाहेर तर उंट खरोखरचे होते.
मी कात्री घेऊन जायची, दोन वाळकी पानं खुडून परत यायची.

आणि मग शेळी आली.
खलफानची, एका कानाने अर्धी.
फाटक मीच उघडं टाकलेलं, पालकसभेच्या घाईत.
परतले तर भिंत उघडी, दहाबारा खुंट,
आणि ती मधोमध, जेवण उरकलेल्या पाहुण्यासारखी,
दाढीला एक फूल.
खलफान खजूर घेऊन आला, नजर जमिनीवर.
मला रागाचं अरबी येत नव्हतं.
मी चहा ठेवला.

एसी नुकता सुरू झालेला, बादली रोज भरायची.
ओतायची कुठे, म्हणून खुंटांवर ओतत राहिले.
विसाव्या दिवशी एका खुंटाच्या कोपरातून
तांबूस टोकाचं बोट.
मग इतकी, की मोजणं सोडलं.
मे उजाडला आणि भिंत दिसेना.

फोटो पाहून विद्याधर म्हणाला,
ऐकलंस ना शेवटी माझं?
मी शेळीचं नाव घेतलं नाही.
फाटकाबाहेर ती उभी होती,
काहीतरी चघळत,
माझ्याकडे बघत.