दाराच्या मुठीला मासा

शनिवारी पहाटे दाराच्या मुठीला पिशवी लटकलेली असायची.
आत कॉड, कधी हॅडॉक,
साफ केलेला, डोकं उतरवलेला,
जाड मीठ चोळलेला.
चिठ्ठी नाही. नाव नाही.
फॅरोच्या या बेटावर आमच्या गावात एकूण बेचाळीस घरं;
चिखलातले बूट ओळखू येतात इथे,
आणि डावा पाय ओढत चालणारा एकच.

तोराल्व. होडीचा तांडेल.
ज्याने त्या दिवशी वारा मोजला नाही,
किंवा मोजला, आणि तरी म्हणाला, अजून एकदा जाळं टाकू.
हानुस त्याच्याच शेजारी उभा होता.
एक परत आला.

मी मासा कुरवांना टाकायची.
दोन वर्षं.
कुरवांनी बाळसं धरलं,
माझ्या भिंतीवर येऊन बसू लागले
भाडेकरूंसारखे.

पाळक महिन्यातून एकदा बोटीने येतात.
बाकीचे रविवार यास्पुर मास्तर जुन्या वहीतून प्रवचन वाचतो,
चष्मा सावरत, तेच, तिसऱ्या वर्षी.
चर्चच्या छताला टांगलेलं छोटं लाकडी जहाज
हीटर लागला की हलकेच वळतं.
मी त्याच्याकडे बघत बसायची.
ते कधी बुडत नाही.

मग सगळे मिळून ती प्रार्थना म्हणतात,
बोलता येऊ लागलं तेव्हापासून तोंडात असलेली,
आणि तिथल्या एका ओळीपाशी,
ऋणाच्या आणि ऋणकोंच्या ओळीपाशी,
मी ओठ मिटून घ्यायची.
खोकल्याचं निमित्त.
पुढच्या ओळीला पुन्हा सगळ्यांत मिसळायची.
वाटायचं, कुणाला कळत नाही.
यास्पुरच्या बायकोने एकदा
खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

देवाशी माझं भांडण नव्हतं.
त्याच्याशी मी रोज बोलत होते:
फॅक्टरीत मासे चिरताना, बोटं बधिर झाल्यावर,
पेत्तुरसाठी बूट घेताना, किंमत उलटून बघताना,
मुकादमाने माझे तास कमी लिहिले तेव्हा,
आणि चुकून जास्त लिहिले तेव्हाही.
ते मी जाऊन कमी करून घेतले
आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले.
एवढं सगळं तुला दिलं, म्हणायची,
ती एक ओळ तेवढी माझी मला राहू दे.

नोव्हेंबरात एका शनिवारी मूठ रिकामी.
दुसऱ्याही.
कुरव भिंतीवरून माझ्याकडे बघत राहिले,
जणू चूक माझी.
तिसऱ्या शनिवारी पेत्तुरला म्हटलं, दहा मिनिटांत येते.
बटाटे घेतले, रुबार्बच्या मुरंब्याची बरणी घेतली,
जुनी, वर साखर धरलेली.
चांगली मागे ठेवली. खोटं कशाला सांगू.

वारा असा की कुंपण धरून चालावं लागत होतं.
पिशवी त्याच्या दाराला अडकवून
पळून यायचं ठरवलं होतं.
त्याच्या दाराची मूठच तुटलेली.
ठोठावावं लागलं.

दाढी वाढलेली, पाय पट्टीत,
घरात विझल्या चुलीचा वास.
मी चूल पेटवली. भांडी घासली,
रागाने घासली, एका कपाचा कान गेला.
तो म्हणाला, "वारा मोजला होता मी."
मी म्हटलं, "बटाटे सालासकट उकडते."
मग बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज.

परतताना पाय हलके वगैरे झाले नाहीत.
चढावर दम लागला, हानुस आठवला,
कुंपणाला धरूनच रडले.
पेत्तुरने विचारलं, दहा मिनिटं एवढी लांब असतात का?

आता शनिवारी मासा पुन्हा असतो.
कधी शिजवते.
कधी, अजूनही, कुरवांना.
आणि रविवारी त्या ओळीपाशी आले
की पहिला शब्द म्हणते,
मोठ्याने, घोगरा, सगळ्यांच्या किंचित मागून.
जहाज वळतं.
उरलेल्या शब्दांपुरत्या
खोकल्याच्या गोळ्या आहेत अजून खिशात.