गालात ठेवा

वळवी मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं,
सकाळची पहिली कधी?
मी म्हटलं, डोळे उघडायच्या आधी.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

जळगावच्या सिव्हिलमध्ये, एक्स-रेच्या मागे,
सोळा नंबरची खोली. दोन खुर्च्या,
आणि एक पंखा, फक्त त्यांच्याकडेच बघणारा.
मी सावद्याहून एसटीनं आलेलो,
स्टँडवर उतरल्या उतरल्या दोन ओढलेल्या,
उपासाच्या आदल्या रात्री माणूस जेवतो तशा.

त्यांनी फुप्फुसाचं चित्र दाखवलं नाही.
ते तर माझ्या खिशातच होतं, पाकिटावर,
त्याच्यावर अंगठा ठेवूनच मी पाकीट उघडायचो.
एवढंच विचारलं, कोणती सोडणं सगळ्यात जड जाईल?
इतक्या बारकाईनं मला कुणी काही विचारलं नव्हतं,
लग्न ठरवतानाही नाही.
म्हटलं, चार वाजताची.
केळी पिकवायच्या खोल्यांची दारं लावून
गार अंगानं उन्हात येतो,
ती.

आधी पट्टी दिली. सकाळी अंघोळीनंतर दंडावर लावायची.
पण मे महिना, आणि तोही सावद्याचा.
बारापर्यंत घामानं सुटून
बनियनच्या आतून घरंगळत कमरेला आली.
मुनीम म्हणाला, लीलाधर भो, तुझं काहीतरी पडलं.
रात्री फोनवर सांगितलं,
तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या.

मग च्युइंगम.
हळू चावा. झिणझिण आली की थांबा.
गालात ठेवा.
झिणझिण गेली की पुन्हा चावा.
आणि त्याच्या आगेमागे पंधरा मिनिटं चहा नको.
चहा पण नको?
म्हटलं मॅडम, एका जन्मात दोन संन्यास?
त्या म्हणाल्या, पंधरा मिनिटांचा कुठं संन्यास असतो.

पहिले दहा दिवस
मी पोरीच्या सायकलच्या घंटीवर ओरडलो,
कुमुदच्या बांगड्यांवर ओरडलो,
वरणात मीठ बरोबर होतं म्हणून ओरडलो.
कुमुद काही बोलली नाही.
तिनंही बहुतेक काहीतरी गालात ठेवलं होतं.

तलफ पाच मिनिटांची असते म्हणे.
पाच मिनिटांत मी एकशेवीस फण्या मोजतो.
मोजलेल्याच पुन्हा मोजायचो,
गोदामात एवढा काटेकोर हिशोब
आजवर कधी निघाला नव्हता.

थंडी पडली. बामणोदला साडूच्या शेतात भरीत पार्टी.
पराट्यांच्या जाळावर वांगी, डोळ्यांत धूर,
आणि प्रल्हादनं बोलता बोलता एक पेटवून
माझ्या बोटांत दिली,
जशी वीस वर्षं देत आला.
बोटं विसरली नव्हती.
अर्ध्यावर लक्षात आलं.
जाळात टाकली. भरीत गोड लागेना.

सोमवारी सोळा नंबरमध्ये मान खाली घालून बसलो.
किती ओढली?
अर्धी.
आणि टाकली किती?
मी वर बघितलं.
टाकलेली अर्धी मी धरलीच नव्हती.

त्याच आठवड्यातली गोष्ट.
पहाटे लाईट गेलेली, जनरेटर सुरू व्हायचा होता.
तीन नंबरचं दार उघडलं आणि
अंधारातून वास आला.
केळीचा.
बावीस वर्षं मी रंग बघून सांगत आलो,
ही खोली उद्या निघेल, ती परवा.
हा वास इथं रोज होता का?
कुणाला विचारणार? हमाल म्हणाला असता,
भो, केळीला केळीचा वास नाही येणार तर काय येईल.
मी तसाच उभा राहिलो. गार हवा फुकट जात होती.
मग दार लावलं.
उद्या निघेल.

अजून चार वाजतात.
अजून हात खिशात जातो,
तिथं आता गोळ्यांचं पान असतं, दिवसाला दोन.
कुमुद विचारते, किती दिवस झाले?
मी म्हणतो, कोण मोजतंय.

भरिताची अर्धी धरली तर एकोणीस.
नाही धरली तर दोनशे अकरा.